शिकवलं मला, नळी सांभाळणार होती आई. कॅन्सर पेशंटच्या घरच्यांना शिकवायचं कोणी?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमच्या आबांना (वय ६८) गालाचा कॅन्सर निघाला. तंबाखू-चुन्याची सवय विशीपासूनची. गालात आतून पांढरा चट्टा होता, तो दाढ लागते म्हणून सहा महिने अंगावर काढला, आणि तोंडात घास जाईना झाला तेव्हा कुठे दाखवायला तयार झाले. ऑपरेशन मोठ्या शहरात झालं. गाल आणि खालच्या जबड्याचा एक भाग काढला, मांडीचं मांस घेऊन तिथे लावलं. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टरांबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. मला सांगायचंय ते डिस्चार्जच्या दिवसाचं.

वॉर्डात एका पेशंटबरोबर एकच माणूस, एकच पास. पास माझ्या गळ्यात कारण बिल, औषधं, मेडिक्लेम सगळी पळापळ माझी. आई खाली बाकावर पिशव्या धरून बसलेली. दुपारी दीडच्या सुमाराला सिस्टर आल्या, नाकातल्या नळीतून फीड (पातळ अन्न) कसं द्यायचं ते मला उभ्या उभ्या दाखवलं, तीन मिनिटं लागली असतील, त्यातही माझा एक कान बिलाच्या फोनकडे. "समझ गए ना?" मी हो म्हणालो. मग हातात इंग्रजी कागद, त्यावर दर दोन तासांनी २०० एमएल वगैरे. खाली येऊन आईला म्हणालो, सोप्पं आहे, घरी गेल्यावर दाखवतो.

घरी फीड देणार कोण? आई. मी चौथ्या दिवशी कामावर जाणार. म्हणजे जिला करायचंय ती बाकावर, आणि ज्याला करायचं नाही त्याला शिकवलं. हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्याच रात्री नळी चोंदली. आईने नाचणीची पेज गाळली होती पण गोळ्या खलबत्त्यात कुटून त्यातच घातल्या होत्या, आणि शेवटी पाणी सोडायचं मी सांगायलाच विसरलो होतो. रात्रीचा दीड, पेज सिरिंजमधून खाली उतरेना, आई दट्ट्या जोर लावून दाबतेय, आबा हाताने नको नको करतायत (बोलता येत नव्हतं). दवाखान्यात फोन लावला, वाजत राहिला. शेवटी शेजारच्यांची गाडी काढून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेलो. तिथे रात्रपाळीच्या सिस्टर होत्या. त्यांनी कोमट पाणी भरून सिरिंज लावली, थोडं आत थोडं बाहेर, अजिबात जोर न लावता वीसेक मिनिटं करत राहिल्या आणि नळी मोकळी झाली.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यासाठी हा धागा आहे. मला बाजूला केलं आणि आईला खुर्चीवर बसवून विचारलं, "वहिनी, घरी कोण देणार?" आई म्हणाली मीच. "मग तुम्ही करून दाखवा, मी बघते." आईचे हात थरथरत होते. चार वेळा करून घेतलं. नाकापाशी नळीवर चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळला, त्यावर पेनाने रेघ मारली आणि म्हणाल्या, "ही रेघ नाकापासून लांब गेलेली दिसली तर थेंबसुद्धा सोडायचा नाही, सरळ इकडे यायचं." आईने विचारलं २०० एमएल म्हणजे किती. त्या म्हणाल्या, घरातलं एक फुलपात्र ठरवा, त्यात ही ५० ची सिरिंज चार वेळा रिकामी करा, जिथे पाणी येईल तिथे खिळ्याने खूण करा.

ते फुलपात्र अजून आमच्या ओट्यावर आहे. त्यानंतर पाच आठवडे झाले, नळी एकदाही चोंदली नाही. आई सातवी शिकलेली आहे. तिला जमत नव्हतं असं नाही, तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

तर मला विचारायचंय की तुम्हा लोकांना कुणी शिकवलं का? कुठे शिकवतात? मराठीत लिहिलेलं काही मिळतं का? आणि जे तुम्ही ठेचा खाऊन शिकलात ते इथे लिहा, पुढच्या माणसाला रात्री दीडला कामाला येईल.

मृदुला७

वारणाकाठ, आबांना लवकर आराम पडो. डोळ्यांसमोर उभं राहिलं सगळं.

मी स्वतः पेशंट, स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशनला आता सहा वर्षं झाली. माझं म्हणणं थोडं वेगळंय. घरच्यांना शिकवाच, पण पेशंटलाही शिकवा हो. माझ्या बाबतीत डॉक्टर बोलायचे नवऱ्याशी, नवरा बोलायचा दिरांशी, आणि मी मध्ये बसून सगळ्यांचे चेहरे वाचायचे. किमो म्हणजे नेमकं काय होणार हे मला पहिल्या किमोनंतर शेजारच्या खाटेवरच्या बाईने सांगितलं. केस कधी जातील, तोंड कधी येईल, कुठल्या दिवसांत जास्त गळून जायला होतं, सगळं तिने सांगितलं.

एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करा. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत १००.४ च्या वर ताप गेला तर तो साधा ताप नाही, ती इमर्जन्सी. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, गोळीने ताप उतरलेला दिसतो आणि आत इन्फेक्शन वाढत राहतं. आमच्याकडे नेमकं तेच झालं. सासूबाईंनी मायेने गोळी दिली, पांघरूण घातलं, आणि सकाळी मला उचलून न्यावं लागलं, नऊ दिवस ॲडमिट. त्यांचा काय दोष, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नंतर त्यांनीच एका वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात "ताप १००.४ = लगेच दवाखाना" असं लिहून फ्रिजवर लावलं, खाली डे केअरचा आणि रिक्षावाल्या दादांचा नंबर.

निशिगंध_

मृदुला, तुमच्या हिमतीला नमस्कार. पण पेशंटला सगळंच सांगावं का? आमच्या आजीला (८१) आम्ही गाठ आहे एवढंच सांगितलं. कॅन्सर शब्द ऐकून तिने अन्न सोडलं असतं. प्रत्येक घराचं वेगळं असतं.

मृदुला७

निशिगंध, ८१ वर्षांच्या आजींना किती सांगायचं ते तुम्हीच जास्त जाणता, त्याबद्दल मी बोलणार नाही. एवढंच म्हणते की त्यांनी विचारलं तर खोटं सांगू नका. माणसाला कळतंच. "टाटाला नेलं" म्हटलं की अख्ख्या गावाला कळतं, मग पेशंटलाच कळणार नाही का? फक्त तो विचारायचं बंद करतो आणि मनात एकटा पडतो. मी पडले होते.

परिचारिका_१२

मी कॅन्सर वॉर्डात १४ वर्षं काम करतेय. धागा वाचून वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं.

आमची बाजू सांगते, सबब म्हणून नाही. सकाळच्या शिफ्टला डिस्चार्ज, नवीन ॲडमिशन, किमोची तयारी, सगळं एकदम येतं. त्यात तुम्ही फाईल घेऊन निघायच्या घाईत. त्या वेळी शिकवणं म्हणजे नुसतं उरकणं होतं. म्हणून सगळ्यांना एकच विनंती, डिस्चार्जच्या दिवसाची वाट बघू नका. नळी पडली त्याच दिवशी सिस्टरना सांगा की घरी अमुक माणूस देणार आहे, त्यांना पास बदलून आत पाठवतो, तुम्ही फीड देताना त्यांना बघू द्या. दुपारी जेवणं झाल्यावर वॉर्ड जरा शांत असतो, तेव्हा विचारा. पहिले दोन दिवस बघायचं आणि पुढचे दोन दिवस आमच्यासमोर स्वतः करायचं. "समजलं का?" याला सगळे हो म्हणतात, त्यावर जाऊ नका, करून दाखवलं म्हणजेच समजलं. वारणाकाठ, तुमच्या त्या रात्रपाळीच्या सिस्टरने केलं ते अगदी पुस्तकातल्यासारखं बरोबर केलं.

आता नळीचं थोडं नीट लिहिते, कारण बरेच जण शोधत येतील. फीड देताना आणि नंतर निदान अर्धा तास पेशंट बसलेला हवा, पाठीला उशा लावून. आडवं ठेवून कधीच नाही. आधी थोडं पाणी, मग फीड, मग पुन्हा पाणी. दट्ट्या काढून सिरिंज वर धरा, आपल्या वजनाने उतरू दे, घाई नको. फीड मलमलच्या कापडातून गाळा, चहाच्या गाळणीने भागत नाही. गोळ्या फीडमध्ये घालू नका, प्रत्येक गोळी वेगळी पूड करून पाण्यात, आणि दोन गोळ्यांच्या मध्ये पाणी. सगळ्याच गोळ्या कुटायच्या नसतात, काही हळूहळू विरघळायला बनवलेल्या असतात, त्या कुटल्या तर सगळा डोस एकदम जातो, म्हणून डॉक्टरांकडून औषधांच्या यादीवर खूण करून घ्या, शक्यतो पातळ औषध मागा. नळीत हवा मारून पोटाला कान लावायची पद्धत भरवशाची नाही. रेघ बघा. आणि फीड देताना खोकला आला, श्वास अडकला, चेहरा निळसर झाला तर तिथल्या तिथे थांबा आणि दवाखाना गाठा.

नळी पूर्ण बाहेर आली तर घरी परत घालायची नाही. तोंडाचं ऑपरेशन ताजं असताना तर मुळीच नाही, आतले टाके असतात.

वैदर्भीय

मी यवतमाळचा. लहान भावाला (तेव्हा ९ वर्षं) रक्ताचा कॅन्सर होता, मुंबईत उपचार, आई आणि तो जवळजवळ वर्षभर तिथे राह्यले. आम्ही पहिले पंधरा दिवस फुटपाथवर काढले, ते लिहीत नाही. नंतर सेंट ज्यूडच्या सेंटरमध्ये जागा मिळाली. ही संस्था २००६ मध्ये मुंबईत सुरू झाली, बाहेरगावच्या कॅन्सरच्या पोरांना आणि आईबापांना फुकट ठेवते. मला सांगायचं ते हे की तिथे माझी आई शिकली. हात कसे धुवायचे, बोटांच्या मधून, नखांखालून. पाणी उकळून कसं झाकायचं, फळ कोणतं सोलून द्यायचं, ताप किती वाजता किती होता ते लिहायचं. आईला आकडे वाचता येत होते पण थर्मामीटर कधी धरला नव्हता. तिकडच्या दुसऱ्या आयांनीच शिकवलं बरंचसं.

आणि भावाची शाळा. कुणी म्हणेल आजारात कसली शाळा, पण तो रोज विचारायचा की माझी चौथी बुडली का. तिथे पोरांचे वर्ग घ्यायचे. तो वही काढून बसला की आईचा चेहरा फुलायचा, कारण वही घेतली म्हणजे पोरगा पुढचा विचार करतोय. आता बारावीला आहे.

आणखी एक. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेत सवलत असते. स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटला पूर्ण माफ आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के. दवाखान्यातून ठराविक फॉर्मवर सही-शिक्का आणावा लागते. आम्हाला हे आठव्या महिन्यात समजलं, तोपर्यंत सगळी तिकिटं पुऱ्या पैशाची.

आरोग्यधन

सगळ्यांना माझा सल्ला, किमोच्या नादी न लागता आमच्या ओळखीच्या एका वैद्यांचा काढा द्या, अनेकांच्या गाठी विरघळल्या आहेत. फीडमधून सुद्धा देता येतो. व्यनि (खाजगी निरोप) करा.

परिचारिका_१२

आरोग्यधन, तुम्ही भल्यासाठी लिहिलं असेल, पण हे इथे राहू देऊ शकत नाही म्हणून उत्तर देते. काढ्याच्या भरवशावर तीन-चार महिने घालवून आलेले पेशंट मी बघितलेत, पहिल्या स्टेजची गाठ तिसरीत गेलेली. तो वेळ परत मिळत नाही. आणि वाचणाऱ्यांनो, घरात काढा, चूर्ण, पाला काहीही चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. काही वनस्पतींचा किमोच्या औषधांशी खटका उडतो, लिव्हरवर ताण येतो, आणि आम्हाला कारण सापडत नाही. आम्ही रागावणार नाही, फक्त सांगा.

एडिंबरोकर

मी इकडे स्कॉटलंडमध्ये असतो, आई सोलापूरला. आईच्या आजारपणात सहा महिने ये-जा केली. त्या काळात इथे घराजवळच्या मॅगीज सेंटरमध्ये मी स्वतःसाठी जात होतो, म्हणजे पेशंट सात हजार किलोमीटरवर आणि मी इथे एकटा. हे पहिलं सेंटर एडिंबरोत १९९६ मध्ये हॉस्पिटलच्या आवारातच सुरू झालं. मॅगी केझ्विक जेंक्स नावाच्या बाई स्वतः कॅन्सरच्या पेशंट होत्या, त्यांची कल्पना, पण सेंटर उघडायच्या आदल्या वर्षीच त्या गेल्या. आत गेलं की आधी स्वयंपाकघर आणि एक मोठं टेबल. अपॉइंटमेंट नाही, फॉर्म नाही, चहा घ्या आणि बसा. कॅन्सरच्या कामात मुरलेली नर्स तिथेच टेबलाशी बसते. मी आईचे रिपोर्ट तिच्यासमोर ठेवले, तिने एकेक शब्द सोपा करून सांगितला आणि म्हणाली की पुढच्या वेळी डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचार. ते मी मराठीत लिहून बहिणीला पाठवले. तीन प्रश्न, तेवढ्यानेच बहिणीचा धीर परत आला. आपल्याकडे एवढ्या इमारती बांधा असं माझं म्हणणं नाही, पण एक टेबल आणि एक जाणकार माणूस प्रत्येक सिव्हिल हॉस्पिटलात बसवता येईल.

सोनचाफा_पेडणे

गोव्यातून लिहितेय. माझे सासरे शेवटचे दोन महिने लोटलीच्या शांती आवेदना सदनात होते. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटना सांभाळणारी ही संस्था मूळची मुंबईची, वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झाली. तिथे जाईपर्यंत मला वाटायचं की आता शिकण्यासारखं काय उरलं. पण त्यांना कुशीवर कसं वळवायचं, पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून टाचा आणि कंबर रोज कशी बघायची, ओठ सुकले तर ओल्या कापसाने कसे टिपायचे, हे सगळं तिथे शिकले. माझ्या हातून त्यांना थोडा तरी आराम मिळाला.

आणि मॉर्फिन. आम्ही घाबरत होतो, व्यसन लागेल, लवकर जातील. कुणीतरी बसून समजावायला हवं होतं.

परिचारिका_१२

मॉर्फिनचं मी सांगते. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी मोजून दिलेलं मॉर्फिन व्यसन लावायला नसतं आणि जीव घ्यायलाही नसतं. ते घड्याळ लावून द्यायचं, दुखायला लागल्यावर नाही, कारण दुखणं एकदा चढलं की उतरायला जास्त औषध लागतं. मॉर्फिन चालू झालं की पोट हमखास बांधतं, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं, ते लिहून दिलं नसेल तर मागून घ्या. घरात कुलपात ठेवा. खूप गुंगी, श्वास मंद वाटला तर लगेच कळवा. स्वतःहून डोस वाढवायचा नाही, एकदम बंदही करायचा नाही.

पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारी काळजी) सेंटर आहे, १९९७ पासून, मोफत. तिथे पेशंटबरोबर घरच्या माणसालाही ठेवून घेतात आणि शिकवून घरी पाठवतात. शेवटचे दिवस आलेत असं समजून तिथे जायचं नसतं, उपचार चालू असतानाही जाता येतं.

मराठी वाचायला: जासकॅप नावाच्या मुंबईच्या संस्थेने वेगवेगळ्या कॅन्सरवर मराठी पुस्तिका काढल्या आहेत. भाषा काही ठिकाणी जड आहे पण माहिती नीट आहे. व्ही केअरचे स्वयंसेवक, त्यातले बरेच स्वतः कॅन्सरमधून उठलेले, मुंबईत पेशंटशी बोलायला येतात. आणि महात्मा फुले योजनेत बसत असाल तर दवाखान्यातले आरोग्यमित्र शोधा, कागदांचं तेच सांगतात. योजना उपचाराचे पैसे देते, शिकवत नाही, ते मात्र आपल्यालाच मागून घ्यावं लागतं.

निशिगंध_

पुढचं लिहायला आले. आजीने काल स्वतःच विचारलं, "ही गाठ वाईटातली आहे ना?" मला मृदुलाचं वाक्य आठवलं. मी हो म्हणाले. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, मला शेक (रेडिएशन) द्यायला नेणार असाल तर लुगडं नको, गाऊन आणा, तिथे बायकांसमोर सारखं सोडायला नको. आणि जेवली.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला मोबाईलवरून सगळा धागा वाचून दाखवला, सोनचाफा यांचं वाचताना ती उठून आत गेली आणि थोड्या वेळाने परत येऊन म्हणाली, पुढचं वाच.

आबांचा शेक पुढच्या सोमवारपासून, ३० वेळा. परिचारिकाताई, तेव्हा तोंडाचं काय करायचं ते थोडं सांगाल का? तोंड आत्ता जेमतेम दीड बोट उघडतं.

परिचारिका_१२

सोमवारच्या आधी दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, शेकानंतर दात काढणं जोखमीचं असतं. गुळण्या: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा, रोज ताजं, दिवसातून पाच-सहा वेळा. गिळता येत नसेल तरी खुळखुळवून थुंकता येतं का ते आबांना विचारून बघा. शेकाच्या जागी वस्तरा नको, न विचारता मलम किंवा तेल नको, कातडीवरच्या खुणा पुसू नका. तोंड उघडायचा व्यायाम सर्जनने परवानगी दिली की आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून करतात, दर दोन-चार दिवसांनी एक काडी वाढवायची. तीन बोटं उभी मावणं हे ध्येय. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या, आणि आईंना सोबत न्या.

वारणाकाठ

या वेळी पास आईच्या गळ्यात. डिपार्टमेंटला आधीच फोन करून सांगितलंय, बिलाचं मी बाहेरून बघतो. फुलपात्राचा फोटो दोघांनी व्यनित मागितलाय, उद्या उजेडात काढून टाकतो. आत्ता आठचं फीड चालू आहे, आई रेघ बघतेय.